डिस्कवरची तुकडेजोड

१९२८ साली नागपूरला एक कायदा झाला. नागपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं आणि कायद्याचा विषय होता शेतीचे विखुरलेले तुकडे एका जागी आणणं. छत्तीसगडचा मुलूख त्या काळी नागपूरच्याच कारभारात होता. तिथे ‘लाखाबाटा’ नावाची जुनी रीत होती. गावातल्या चांगल्या, मध्यम आणि हलक्या अशा प्रत्येक प्रतीच्या जमिनीत सगळ्यांना वाटा मिळावा म्हणून वेळोवेळी वाटप व्हायचं. न्याय म्हणून ते ठीकच होतं, पण त्यापायी एकाच माणसाची शेती गावाच्या चारी दिशांना फाकलेली असायची. कागदावर जमीन तेवढीच भरायची. बैलजोडी आणि नांगर घेऊन एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाण्यात मात्र दिवस मोडायचा. गावातल्या निदान निम्म्या कायम हक्कदारांनी मागणी केली आणि त्यांच्याकडे गावची दोन तृतीयांश जमीन असली, तर अदलाबदलीची योजना उरलेल्यांनाही लागू करता येईल, अशी त्या कायद्यात तरतूद होती.

संगणकाची हार्ड डिस्क ‘डीफ्रॅग’ करायची म्हणजे हेच काम करायचं, फक्त जमिनीऐवजी फायलींचं. डिस्कवरची माहिती वाढत नाही, कमी होत नाही. एकाच फाइलचे इकडेतिकडे पडलेले तुकडे उचलून शेजारीशेजारी लावले जातात, बस. एवढ्यानं मशीन जलद का व्हावी, आणि आजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपवर तेच काम निरुपयोगी का ठरावं, हे दोन्ही प्रश्न एकाच गोष्टीवर येऊन थांबतात. ती गोष्ट म्हणजे तुकड्यांमधली वाट. तुकडे किती आहेत याला स्वतःहून काही किंमत पडत नाही. किंमत पडते ती एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जायला.

ही वाट कुठे असते ते पाहायचं तर मेलेली हार्ड डिस्क उघडून बघावी. दुरुस्तीच्या दुकानात अशा डिस्का ढिगानं पडलेल्या असतात, आणि बंद पडलेली असेल तर उघडायला हरकत नाही. (चालू डिस्क उघडू नये. आत गेलेला धुळीचा एक कणही तिला पुरतो.) वरचं झाकण तारेच्या आकाराच्या बारीक स्क्रूंनी बसवलेलं असतं आणि एखादा स्क्रू हमखास लेबलाच्या कागदाखाली दडलेला असतो. झाकण निघालं की आत आरशासारखी चकचकीत तबकडी दिसते, कधी एक, कधी एकावर एक दोन-तीन. ती ॲल्युमिनियमची किंवा काचेची असते आणि तिच्यावर चुंबकीय थर असतो. बाजूला एक त्रिकोणी हात असतो आणि त्याच्या टोकाला नखाच्या कोपऱ्याएवढं हेड. बोटानं हात ढकलला तर तो तबकडीच्या कडेपासून मधल्या भागापर्यंत एका कमानीत सरकतो. डिस्क चालू असताना हे हेड तबकडीला टेकत नाही. काही नॅनोमीटर उंचीवर, हवेच्या पातळ थरावर तरंगत असतं.

आता हिशेब करू. डेस्कटॉपमधली नेहमीची डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. या वेगात साडेतीन इंची डिस्कच्या तबकडीची बाहेरची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे धावत असते. तरीही एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला सेक्टर, म्हणजे माहितीचा ठरावीक भाग, हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, म्हणजे ४ मिलिसेकंद. त्याआधी हात योग्य ट्रॅकवर, म्हणजे माहितीच्या वर्तुळावर, न्यायला साधारण ९ मिलिसेकंद. एक उडी म्हणजे सुमारे १३ मिलिसेकंद झाले. माणसाला हा वेळ जाणवतही नाही. पण सेकंदाला अब्जावधी सूचना पार पाडणाऱ्या प्रोसेसरसाठी तो फार मोठा आहे, आणि त्या फाइलवाचून पुढचं काम अडलेलं असलं तर सगळी मशीनच डिस्ककडे तोंड करून बसते. जुन्या लॅपटॉपमधल्या ५,४०० फेऱ्यांच्या डिस्का याहून मंद.

समजा १०० एमबीची एक फाइल आहे, लग्नाच्या अल्बमचं एखादं पान म्हणा. ती सलग असेल तर हात एकदा जाऊन बसतो आणि तबकडी फिरेल तशी माहिती वाचली जाते. सेकंदाला १२० एमबी असा वेग धरला तर फाइल सेकंदाच्या आत उघडते. तीच फाइल हजार तुकड्यांत असेल तर हजार उड्या. १३ मिलिसेकंद गुणिले हजार, म्हणजे निव्वळ ये-जा करण्यात १३ सेकंद गेले. प्रत्यक्ष वाचनाला लागलेला वेळ दोन्हीकडे सारखाच. फरक पडला तो सगळा वाटेत.

तुकडे होतात कसे? फाइल-सिस्टीम डिस्कची जागा छोट्या सारख्या घरांत वाटते, त्याला क्लस्टर म्हणतात. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये एक क्लस्टर बहुधा ४ केबीचा असतो, म्हणजे वरच्या १०० एमबीच्या फाइलला सुमारे २५ हजार क्लस्टर लागतात. डिस्क नवी असताना ते ओळीनं मिळतात. मग आपण मधल्या फायली उडवतो, जागोजागी खड्डे पडतात, आणि पुढची मोठी फाइल आली की ती त्या खड्ड्यांत मावेल तशी भरली जाते. जुन्या फॅट पद्धतीत तर प्रत्येक क्लस्टरची नोंद फक्त पुढच्या क्लस्टरचा नंबर सांगायची. साखळी धरून एकेक कडी चालत जायचं. डॉस आणि विंडोज ९८ च्या काळात तुकड्यांच्या त्रासाचा एवढा बोलबाला का होता, याचं एक कारण हे.

पण फायली उडवण्यापेक्षाही जास्त तुकडे करतात त्या रोज थोड्याथोड्या वाढणाऱ्या फायली. नागपूरच्या इतवारीत किंवा गांधीबागेत एखाद्या हिशेब लिहिणाऱ्याच्या टेबलावरची मशीन डोळ्यांसमोर आणा. त्यात टॅली, आणि टॅलीत दहा-पंधरा दुकानांचे हिशेब. सकाळी कापडवाल्याच्या दहा एंट्र्या, मग धान्यवाल्याच्या वीस, मग पुन्हा कापडवाला. प्रत्येकाची फाइल थोडी वाढते आणि वाढलेला भाग मिळेल त्या पुढच्या मोकळ्या जागी जाऊन बसतो, कारण लगतची जागा मघाच दुसऱ्या कुणाच्या फाइलनं घेतलेली असते. वर्षअखेरीला त्या पंधरा फायली डिस्कभर एकमेकींत गुंतलेल्या असतात. आउटलुकमधली ईमेलची फाइल, कुठल्याही सॉफ्टवेअरची लॉग फाइल, अर्धवट उतरत असलेला सिनेमा, सगळ्यांची तऱ्हा हीच. आणि डिस्क जितकी भरलेली तितके खड्डे लहान आणि तुकडे जास्त. ९५ टक्के भरलेली डिस्क रडते त्याचं कारण उरलेली जागा कमी हे आहेच, पण ती जागासुद्धा चिंध्याचिंध्यांत असते हे त्याहून मोठं कारण.

डीफ्रॅगचा प्रोग्राम घरोघरी पोचला तो १९९३ मध्ये, एमएस-डॉस ६ बरोबर. तो मायक्रोसॉफ्टनं सिमेंटेककडून परवान्यावर घेतला होता. पण मराठी घरांत आणि कॉम्प्युटर क्लासांत तो ओळखीचा झाला विंडोज ९५ आणि ९८ मुळे. ‘शो डीटेल्स’ दाबलं की पडदाभर रंगीत चौकोन यायचे. वाचले जाणारे एका रंगात, लिहिले जाणारे दुसऱ्या, जागेवर बसलेले तिसऱ्या. ते एकेक करून सरकताना बघत बसणं हा त्या पिढीचा एक फुकटचा करमणुकीचा कार्यक्रम होता. मध्येच स्क्रीनसेव्हर चालू झाला किंवा कुठल्या प्रोग्रामनं डिस्कवर काही लिहिलं, की डिस्कवरचा मजकूर बदलला म्हणून काम पहिल्यापासून सुरू. त्यामुळे डीफ्रॅग लावून माऊसला हात न लावता जेवायला जाणं ही रीत पडली. नागपुरात बर्डीवरच्या दुरुस्तीवाल्याकडे गिऱ्हाईक यायचं ते औषधाचं नाव घेऊनच: ‘भाऊ, मशीन लय स्लो चालून राहिली, जरा डीफ्रॅग मारून द्या ना.’

चौकोन सरकत असताना आत चालायचं ते असं. प्रोग्राम आधी पाहतो की फाइल संपूर्ण मावेल एवढी सलग मोकळी जागा कुठे आहे. नसेल तर दुसऱ्या फायली हलवून करतो. मग तुकडे वाचून तिथे लिहितो आणि शेवटी नोंदवहीत फाइलचा नवा पत्ता घालतो. एनटीएफएसमध्ये या नोंदवहीला मास्टर फाइल टेबल म्हणतात, आणि त्यात प्रत्येक क्लस्टरची वेगळी ओळ नसते. ‘अमुक ठिकाणापासून इतके क्लस्टर’ अशी एक नोंद एका सलग पट्ट्याला पुरते. चारशे तुकड्यांची फाइल सलग झाली की चारशे नोंदींची एक नोंद होते, म्हणजे वहीसुद्धा आटोपशीर. या सगळ्या हलवाहलवीला मोकळं अंगण लागतं. विंडोज एक्सपीचा डीफ्रॅग १५ टक्के जागा रिकामी असावी म्हणून सांगायचा तो याचसाठी. नव्याण्णव टक्के भरलेल्या डिस्कला डीफ्रॅग लावणाऱ्यानं आधी जुने सिनेमे उडवावेत.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी माहिती नव्या जागी उतरवायची, मग वही बदलायची, मग जुनी जागा मोकळी करायची. उलटं केलं आणि मध्येच वीज गेली तर फाइल ना इथली ना तिथली. नागपूरकरांना ही धास्ती पुस्तकातून कळायची गरज नव्हती. कोराडी आणि खापरखेडा ही वीज केंद्रं शहराच्या उंबऱ्यावर धूर सोडत उभी असताना दोन हजारच्या दशकात शहरात भारनियमन चालायचं, आणि यूपीएस नसलेल्या मशीनवर डीफ्रॅग लावणं म्हणजे जुगार असं लोक मानायचे. फॅटच्या काळात ती भीती रास्त होती. एनटीएफएसमध्ये नोंदीतला प्रत्येक बदल आधी एका जर्नलमध्ये लिहिला जातो. वीज गेली तरी सुरू होताना सिस्टीम जर्नल वाचून वही जुळवते. एखादा तुकडा जुन्या जागीच राहतो, एवढंच.

जमिनीच्या बाबतीत अशी जर्नल नव्हती, आणि तिथे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. १९४७ च्या मुंबई कायद्यानं, ज्याला आपण तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा म्हणतो, गावोगाव योजना राबवल्या गेल्या. बऱ्याच गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. पण अनेक ठिकाणी कागद हलला आणि शेतकरी हलला नाही. सातबारा एकाच्या नावावर, वहिवाट दुसऱ्याची. त्या चुकांचे दावे पिढ्यान् पिढ्या कोर्टात चालले. अखेर २०२३ मध्ये राज्य सरकारनं ‘सलोखा’ योजना आणली. एकमेकांच्या जमिनीवरचा ताबा किमान बारा वर्षं जुना असेल तर दोघांनी अदलाबदलीचा दस्त करावा, मुद्रांक शुल्क हजार रुपये आणि नोंदणी फी हजार रुपये. वहीतला पत्ता आणि प्रत्यक्षातली जागा यांची फारकत झाली तर निस्तरायला किती वर्षं लागतात, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. डिस्कवर अशी फारकत झाली की विंडोज सुरू होताना काळ्या पडद्यावर ‘चेक डिस्क’ चालू होतं.

डीफ्रॅगबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत आणि त्यातले काही दुकानदारांनी जाणूनबुजून पोसले. डीफ्रॅगनं डिस्कची जागा वाढत नाही. व्हायरस जात नाही. रॅम कमी असल्यामुळे रखडणारी मशीन डीफ्रॅगनं धावत नाही. खराब सेक्टर त्यानं बरे होत नाहीत, उलट डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर डीफ्रॅग लावणं म्हणजे धाप लागलेल्याला जिने चढायला सांगणं आहे. तासन् तास अखंड वाचन-लेखन होतं आणि शेवटच्या घटका मोजणारी डिस्क त्यातच जाते. अशा वेळी आधी कामाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात.

नागपुरात यात उन्हाळ्याचीही भर पडते. बहुतेक डिस्कांना कंपन्या ६० अंशांपर्यंत चालवायची मुभा देतात. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश, कूलर बंद असलेल्या खोलीत चाळीसच्या आसपास, आणि धुळीनं पंखा तुंबलेल्या कॅबिनेटमध्ये डिस्क त्याच्याही वर दहा-पंधरा अंश. म्हणजे मर्यादा फार लांब राहत नाही. अशा दुपारी चार तासांचा डीफ्रॅग लावण्याऐवजी तो रात्री लावावा. कूलर चालू असला तर त्याच्या ओलाव्याचं काही जणांना भय वाटतं, पण वारा थेट कॅबिनेटवर येत नसेल तर काळजी नको.

आता तुकडेबंदीकडे येऊ. १९४७ च्या कायद्याच्या नावातच दोन कामं आहेत: झालेले तुकडे जोडणं आणि नवे तुकडे होऊ न देणं. ठरावीक ‘प्रमाणभूत क्षेत्रा’हून लहान तुकडा लगतच्या जमिनीच्या मालकाखेरीज कुणाला विकता येणार नाही, ही अट दुसऱ्या कामासाठी घातलेली. जमिनीत हे दुसरं काम फारसं जमलं नाही, कारण माणसं वाढतात, वाटण्या होतात आणि शहरं शेतात शिरतात. संगणकात मात्र जमलं, आणि डीफ्रॅगचे रंगीत चौकोन आपल्या आयुष्यातून गेले ते त्यामुळे.

फाइल-सिस्टीम हळूहळू शहाण्या झाल्या. लिनक्सची एक्स्ट४ फाइल लगेच डिस्कवर लिहीत नाही, थोडा वेळ रॅममध्ये धरून ठेवते. एकूण किती लिहायचं आहे ते कळलं की तेवढी सलग जागा शोधते. ॲपलनं २००३ पासून आपल्या मॅक ओएसमध्ये एक युक्ती घातली: २० एमबीपेक्षा लहान, पण तुकडे झालेली फाइल उघडली की सिस्टीम ती आपणहून सलग करून ठेवायची. मायक्रोसॉफ्टनं २००७ च्या विस्टामध्ये डीफ्रॅगला वेळापत्रक लावलं. आठवड्यातून एकदा, बुधवारी मध्यरात्री एकला, कुणाला न विचारता. पडद्यावरचं रंगीत चित्रही काढून टाकलं, त्यावर तेव्हा लोक भलतेच चिडले होते. सुटसुटीतपणाच्या नावाखाली मजा काढून घेतली, हे माझंही मत आहे. पण विस्टातला एक निर्णय मात्र अभ्यासण्याजोगा होता. तुकडा ६४ एमबीपेक्षा मोठा असेल तर त्याला हातच लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. हिशेब सोपा आहे. ६४ एमबी वाचायलाच अर्धा सेकंद लागतो, त्यात एका उडीचे १३ मिलिसेकंद म्हणजे दोन-तीन टक्के. तेवढ्यासाठी चौसष्ट एमबी उचलून दुसरीकडे नेण्यात शहाणपण नाही. शून्य तुकड्यांचा हट्ट सोडून वाटेचा खर्च मोजायला मायक्रोसॉफ्ट तेव्हा शिकली, आणि माझ्या मते डीफ्रॅगच्या इतिहासातला हा सर्वांत समंजस क्षण.

मग एसएसडी (सॉलिड स्टेट ड्राइव्ह) आली आणि वाटच नाहीशी झाली. एसएसडीत फिरणारं काही नाही, हात नाही, हेड नाही. फ्लॅश चिपमधल्या कुठल्याही पानावर जायला लागणारा वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहून कमी. मघाची हजार तुकड्यांची फाइल इथे फार तर एका दशांश सेकंदाचा भुर्दंड देते. तो वाचवण्यासाठी डिस्कभर उलथापालथ करायचं कारण उरत नाही.

शिवाय एसएसडीत डीफ्रॅग खरोखर होतही नाही. विंडोजला दिसणारा पत्ता आणि चिपवरची खरी जागा यांच्यामध्ये एसएसडीचा स्वतःचा कंट्रोलर बसलेला असतो आणि तो स्वतःची वेगळी वही ठेवतो. फ्लॅशच्या पेशी ठरावीक वेळाच पुसता येतात, म्हणून झीज सगळीकडे सारखी व्हावी यासाठी तो माहिती मुद्दामच फिरवत राहतो. विंडोजच्या नकाशावर फाइल अगदी ओळीत दिसत असताना चिपवर ती चार कोपऱ्यांत असू शकते, आणि त्यानं काही बिघडत नाही. डीफ्रॅगनं फक्त नकाशा सुंदर होतो आणि पेशींचं आयुष्य तेवढं खर्ची पडतं.

२००९ च्या विंडोज ७ नं म्हणूनच एसएसडी ओळखून तिचं डीफ्रॅग बंद ठेवलं. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये त्या प्रोग्रामचं नाव बदलून ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ झालं. आता एकच बटण दोन कामं करतं. फिरणारी डिस्क असेल तर डीफ्रॅग, एसएसडी असेल तर ‘ट्रिम’. ट्रिम म्हणजे उडवलेल्या फायलींच्या जागा आता पडीत आहेत, सवडीनं पुसून ठेव, असा कंट्रोलरला निरोप. फ्लॅशमध्ये लिहिण्याआधी पुसावं लागतं आणि पुसायला वेळ लागतो, म्हणून हा निरोप वेळेवर गेला तर पुढचं लिखाण जलद होतं. एसएसडीवरचं ‘ऑप्टिमाइझ’ दाबायला भ्यायचं कारण नाही. बाहेरून आणलेला एखादा जुना डीफ्रॅग प्रोग्राम मात्र एसएसडीवर चालवू नये.

मग फिरणाऱ्या डिस्कची चिंता कुणी करायची? अजून बऱ्याच जणांनी. दुकानातल्या सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमध्ये आजही फिरणारीच डिस्क असते. तिथे डीफ्रॅग लागत नाही, कारण अनेक रेकॉर्डर डिस्क सुरुवातीलाच मोठ्या सारख्या पट्ट्यांत आखून घेतात, ओळीनं भरत जातात आणि भरली की सर्वांत जुन्या पट्टीवर नवं चित्रण लिहितात. खड्डाच पडत नाही. ही खरी तुकडेबंदी. फोटो स्टुडिओंत आणि घरांत यूएसबीनं लावायच्या दोन-चार टीबीच्या डिस्का असतात. त्यावर फायली एकदा टाकल्या की वर्षानुवर्षं कुणी हलवत नाही, त्यामुळे तुकडे फारसे होत नाहीत. त्यातल्या पुष्कळशा डिस्कांवर ट्रॅक कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात, जागा जास्त मावावी म्हणून. अशा डिस्कवर एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात आणि डीफ्रॅग कंटाळा येईल इतका रखडतो. तिथे माहिती दुसऱ्या डिस्कवर पूर्ण उतरवून, पहिली फॉरमॅट करून परत टाकणं जास्त सोपं. तुकडे आपोआप जातात आणि हातात एक प्रतही राहते.

खरी गरज उरली ती शाळांच्या लॅबमधल्या, दुकानांतल्या, लहान कार्यालयांतल्या दहा-बारा वर्षं जुन्या मशीनना. आपल्या मशीनमध्ये काय आहे ते बघायला स्टार्टमध्ये ‘डीफ्रॅग’ टाइप करावं. येणाऱ्या खिडकीत ‘मीडिया टाइप’च्या रकान्यात हार्ड डिस्क की सॉलिड स्टेट ते लिहिलेलं असतं. हार्ड डिस्क असेल तर आधी ‘ॲनालाइझ’ दाबून तुकड्यांचा टक्का बघावा. तो दहाच्या आत असेल तर सोडून द्यावं. मशीन रात्री नेहमी बंद असेल आणि म्हणून वेळापत्रकातला डीफ्रॅग महिनोन् महिने चुकत आला असेल तर टक्का वर गेलेला सापडेल, आणि तेव्हा एक रात्र मशीन चालू ठेवण्यानं खरंच फरक पडतो. जुनी मशीन अजून दोन-तीन वर्षं चालवायचीच असेल तर मात्र डीफ्रॅगच्या नादी लागण्यापेक्षा त्यात लहानशी एसएसडी बसवून घ्यावी आणि जुनी डिस्क साठवणीला ठेवावी. एवढा फरक दुसऱ्या कुठल्याच दुरुस्तीनं पडत नाही.

एका प्रसंगी मात्र डीफ्रॅगच्या जवळपासही फिरकू नये: चुकून काही डिलीट झालं असेल तेव्हा. उडवलेली फाइल लगेच पुसली जात नाही, वहीत तिची जागा फक्त ‘मोकळी’ अशी लिहिली जाते. माहिती तबकडीवर तशीच असते आणि रिकव्हरीचा प्रोग्राम ती परत आणू शकतो. फाइल सलग असेल तर वही गेली तरी नुसत्या सुरुवातीच्या खुणेवरून ती ओळखून काढता येते, तुकड्यांत असेल तर काम कठीण होतं. म्हणजे वेळेवर केलेला डीफ्रॅग इथे उपयोगी पडतो. पण डिलीट झाल्यानंतर केलेला डीफ्रॅग त्याच ‘मोकळ्या’ जागांवर दुसऱ्या फायली आणून बसवतो, आणि मग कुणालाच काही करता येत नाही. एसएसडीवर तर ट्रिमचा निरोप गेला की खेळ संपलाच, आणि तो निरोप बहुधा डिलीट केल्याकेल्याच निघालेला असतो. म्हणून नातवाच्या बारशाचे फोटो गेले असं लक्षात आलं की आधी मशीन बंद करायची, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडायची, आणि त्या दुसऱ्या मशीनवर ‘ऑप्टिमाइझ’चं वेळापत्रक आधीच बंद करून ठेवायचं.